‘काही दिसतं का?’ : एका साध्या प्रश्नाचा इतिहास

"तुझ्या पीएचडीत नक्की चाललंय काय?" असं बरेच जण विचारतात. थोडक्यात सांगते. स्किझोफ्रेनिया (मराठीत छिन्नमनस्कता) असलेल्या माणसांच्या मनात चित्रं कशी उभी राहतात, किती स्पष्ट असतात, आणि लक्ष, स्मरण, नियोजन या बोधनिक क्षमतांमधल्या अडचणींशी त्यांचा काय संबंध आहे, हे मी बघतेय. आज निष्कर्ष नाही सांगणार, कारण ते अजून आलेलेच नाहीत! आज माझ्या एका चुकीबद्दल लिहायचं आहे, आणि ती चूक समजून घ्यायला मला जो इतिहास वाचावा लागला त्याबद्दल.

पायलट अभ्यासाचा तिसरा दिवस. पूर्व उपनगरातला एक बाह्यरुग्ण विभाग, त्यातली एक लहानशी खोली. समोर पंचेचाळिशीचे एक काका. बरीच वर्षं उपचार सुरू, आता तब्येत स्थिर. मी मराठीत केलेली प्रश्नावली काढली आणि वाचलं, "डोळे मिटा. तुम्ही नेहमी जाता ते दुकान डोळ्यांसमोर आणा. दिसतंय का?"

काकांनी डोळे मिटले नाहीत. म्हणाले, "नाही मॅडम. काही दिसत नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. गोळ्या वेळेवर घेतो मी. काही दिसत नाही, ऐकूपण येत नाही."

मी सोळाच्या सोळा प्रश्नांपुढे ‘प्रतिमा नाही’ अशी खूण केली. उठता उठता सहज विचारलं, इथे चहा कुठे चांगला मिळतो? काका खुलले. "जिना उतरलात की डाव्या हाताला वळा. झेरॉक्सवाला सोडा. पुढे निळी ताडपत्री दिसेल, तिथे नाही जायचं. त्याच्या समोर एक म्हातारा बसतो, पितळी किसणी घेऊन. तो आलं समोर किसून घालतो."

घाटकोपर सोडून गाडी मुलुंडकडे निघाली तेव्हा माझी ट्यूब पेटली. ज्या माणसाला ताडपत्रीचा रंग आणि किसणीचा पितळी तुकडा आठवतो, त्याच्या मनात प्रतिमा नाहीत असं मी नोंदवून आले होते. काकांनी उत्तर अगदी बरोबर दिलं होतं. फक्त ते माझ्या प्रश्नाचं नव्हतं. गेली कित्येक वर्षं पांढरा कोट घातलेली माणसं त्यांना ‘काही दिसतं का, ऐकू येतं का?’ असं विचारत आली आहेत, आणि ‘हो’ म्हटलं की गोळ्या वाढतात. मीही तेच विचारतेय असं त्यांना वाटलं. वाटणारच.

म्हणजे ‘दिसतंय का?’ या एकाच प्रश्नाचे दोन वेगळे इतिहास आहेत. एक प्रयोगशाळेतला, एक दवाखान्यातला. मला फक्त पहिला माहीत होता, काकांना फक्त दुसरा.

पहिला इतिहास : न्याहारीचं टेबल

१८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने ‘माइंड’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याआधी त्याने लोकांना प्रश्न पाठवले होते : आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल आठवा. चित्र अंधुक आहे की स्पष्ट? रंग दिसतात का? कुणी लिहिलं की सगळं समोर असल्यासारखं दिसतं. कुणी, विशेषतः त्याच्या ओळखीतल्या शास्त्रज्ञांपैकी काहींनी, लिहिलं की ‘मनःचक्षू’ हा त्यांना केवळ बोलण्यातला अलंकार वाटत होता. मनातल्या चित्रांची स्पष्टता मोजता येते ही कल्पना इथून सुरू होते.

नंतर हा विषय बराच काळ अडगळीत गेला. १९१३ मध्ये जॉन वॉटसनने वर्तनवादाची भूमिका मांडली. जे बाहेरून बघता येत नाही ते मोजू नका. मनातलं चित्र तर फक्त ज्याचं त्यालाच माहीत! त्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रात पुढची काही दशकं मनःप्रतिमा हा शब्दच संशयास्पद ठरला.

तो परत आला १९७०च्या दशकात. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून विचारलं, ही एकच वस्तू फिरवलेली आहे की दोन वेगळ्या? दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त, आणि तोही जवळजवळ सरळ रेषेत वाढणारा. जणू माणसं मनातल्या मनात वस्तू खरोखर फिरवत होती. १९७८ मध्ये स्टीफन कॉसलिन आणि सहकाऱ्यांनी एका काल्पनिक बेटाचा नकाशा पाठ करून घेतला. मनातल्या मनात एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जायला लागणारा वेळ नकाशावरच्या अंतराप्रमाणे वाढत गेला.

या दोघांच्या मधे, १९७३ मध्ये, डेव्हिड मार्क्सची प्रश्नावली आली. मी वापरली ती हीच. चार प्रसंग, प्रत्येकी चार प्रश्न : ओळखीच्या माणसाचा चेहरा, उगवता सूर्य, नेहमीचं दुकान, आणि झाडं, डोंगर, तळं असलेला देखावा. प्रत्येक चित्र किती स्पष्ट ते १ ते ५ मध्ये सांगायचं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे एक खाचखळगा लक्षात ठेवा. मूळ आवृत्तीत १ म्हणजे सर्वांत स्पष्ट आणि ५ म्हणजे प्रतिमा नाही. १९९५च्या सुधारित आवृत्तीत हे उलटं आहे. जुने-नवे पेपर वाचताना आकडा कुठल्या बाजूने वाढतोय हे आधी तपासा, नाहीतर निष्कर्ष डोक्यावर उभा राहील.

थोडक्यात, मनातलं चित्र मोजायच्या दोन वाटा झाल्या. एक, माणसाला विचारायचं. दोन, चित्राशिवाय जमणार नाही असं काम द्यायचं आणि वेळ, चुका मोजायच्या. या दोन वाटांची उत्तरं नेहमी जुळतात असं नाही, हे पुढे लागेल.

दुसरा इतिहास : दवाखान्याचं टेबल

एमिल क्रेपलिनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या आजाराला ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हटलं, म्हणजे लहान वयात येणारा बुद्धीचा ऱ्हास. नावातच विचारशक्तीची घसरण होती. ऑयगेन ब्लॉयलरने १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द वापरला आणि १९११ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या मते विचारांचे धागे सुटणं हे मूळ, आणि भास हे त्यावरून येणारं, दुय्यम. मला याचं आश्चर्य वाटलं, कारण आपण अगदी उलटं शिकतो. स्किझोफ्रेनिया म्हटलं की आपल्याला आधी आवाज आणि भासच आठवतात.

हे उलटं कसं झालं? एक कारण म्हणजे निदानाची गरज. १९३९ मध्ये कुर्ट श्नायडरने ‘प्रथम श्रेणीची लक्षणं’ मांडली. आपल्याबद्दल आपसांत बोलणारे आवाज, आपले विचार मोठ्याने ऐकू येणं, वगैरे. ही लक्षणं विचारता येतात आणि हो-नाहीत लिहिता येतात. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन आलं, आणि औषधाचा परिणाम दिसला तोही मुख्यतः भास आणि भ्रमांवर. ज्यावर औषध चालतं ते जास्त मोजलं जातं, आणि जे मोजलं जातं तोच हळूहळू आजार वाटू लागतो. १९६०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यात भारतातलं केंद्र होतं आग्रा. सगळीकडे एकाच पद्धतीने, एकाच साच्यातले प्रश्न विचारले जावेत यासाठी ठरावीक मुलाखत वापरली गेली. शास्त्र म्हणून ते आवश्यकच होतं. पण ‘काही दिसतं का, ऐकू येतं का?’ या वाक्याला पक्कं बूड मिळालं ते अशा साच्यांमुळे.

आपल्या भागात हा प्रश्न विचारायची जागाही बदलत गेली. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१चं. १९१२च्या कायद्याचं नाव होतं ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’, त्यातूनच तेव्हाचा दृष्टिकोन कळतो. १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. देशातल्या अशा पहिल्या विभागांपैकी तो एक. भिंतीआड न जाता केस पेपर काढून रांगेत बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, ही वाट तिथून मोकळी झाली. आज उपनगरातला माणूस कूपरला किंवा राजावाडीला जातो तो याच वाटेने. पण ओपीडीत वेळ कमी आणि रांग मोठी. पाच मिनिटांत काय विचारणार? झोप कशी आहे, गोळ्या घेताय का, काही दिसतं-ऐकू येतं का. काकांनी मला दिलेलं उत्तर या पाच मिनिटांसाठी पाठ झालेलं उत्तर होतं.

दोन्ही वाटा एकत्र येतात, आणि गोंधळ होतो

मनातलं चित्र आणि भास यांचा संबंध काय, हा प्रश्न संशोधकांना फार पूर्वीच पडला होता. सरळ अंदाज असा की ज्याच्या मनात आवाज फार स्पष्ट उमटतो, त्याला तो बाहेरून आल्यासारखा वाटत असेल. १९४७ मध्ये साइट्झ आणि मोलहोम यांनी तपासलं तर उलटंच निघालं. आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांची श्रवणप्रतिमा इतरांपेक्षा कमी भरली. १९७२ मध्ये मिन्ट्झ आणि आल्पर्ट यांना मात्र ती जास्त स्पष्ट आढळली. पण त्यासोबत त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : या रुग्णांना खरं काय ऐकलं, याचा अंदाज घेणंही अवघड जात होतं. १९८१ मध्ये जॉन्सन आणि रे यांनी या दुसऱ्या गोष्टीसाठी चौकट दिली. एखादी आठवण बाहेर घडलेल्या गोष्टीची आहे की मनात तयार झालेली, हे आपलं मन सतत ताडून बघत असतं. मग प्रश्न चित्र किती ठळक आहे एवढाच राहत नाही. त्या चित्रावर ‘हे माझं’ असा शिक्का बसतोय का, हाही प्रश्न येतो.

पुढची गंमत बघा. २००५ मध्ये झाक आणि सहकाऱ्यांनी प्रश्नावली दिली, तेव्हा स्किझोफ्रेनिया असलेल्यांनी आपल्या प्रतिमा इतरांपेक्षा जास्त स्पष्ट असल्याचं सांगितलं. २०१३ मध्ये बेन्सन आणि सोही पार्क यांना मनातल्या चित्रांवर काम करायच्या काही चाचण्यांत हे रुग्ण मागे तर नाहीतच, उलट सरस आढळले. आणि त्याच पार्क यांनी फिलिप होल्झमन यांच्यासोबत १९९२ मध्ये दाखवलं होतं की पडद्यावरचा ठिपका कुठे होता हे काही सेकंद लक्षात ठेवणं या रुग्णांना जड जातं. म्हणजे चित्र उभं राहतं, पण ते धरून ठेवून त्यावर पुढचं काम करणं अवघड. देर्जांबो, राफार आणि फान डेर लिंडन यांनी २००८ मध्ये याची आणखी एक बाजू दाखवली. भूतकाळातला एखादा नेमका प्रसंग सांगणं या लोकांना कठीण जात होतं, आणि भविष्यातला प्रसंग कल्पनेत उभा करणं त्याहून कठीण.

‘पुढच्या महिन्यात मी कामावर जातोय’ हे चित्र मनात उभं राहिलंच नाही, तर माणूस तयारी कशाची करणार? घरच्यांना वाटतं, आळशी झालाय. मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून दाखवलं की रोजचं जगणं, काम, माणसांत मिसळणं यांचा संबंध स्मरण, लक्ष अशा क्षमतांशी आहे, भासांशी त्या मानाने फारसा नाही. त्यातूनच पुढे अमेरिकेत सात क्षेत्रांतल्या दहा चाचण्यांचा एक संच ठरला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि क्रेपलिन-ब्लॉयलर यांच्या काळातली विचारशक्तीची बाजू शंभर वर्षांनी पुन्हा टेबलावर आली.

चाचणी दुसरीकडची असली की फक्त भाषांतर पुरत नाही, हे आपल्याकडे जुनंच शहाणपण आहे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचं कानडी-मराठी रूप केलं. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. त्यांनी नुसते शब्द बदलले नाहीत, तर इथल्या मुलांवर चाचणी पुन्हा घासूनपुसून प्रमाणित केली. मी मात्र ‘तळं’ या शब्दाऐवजी ‘पवई तलाव’ लिहून आपण केवढं स्थानिकीकरण केलं म्हणून खूश होते!

दहिसरचा तिसरा रस्ता

माझ्या गोंधळाचं उत्तर मला पेपरमध्ये नाही, पश्चिम रेल्वेच्या टोकाला सापडलं. बोरिवलीत प्रॅक्टिस करणारे डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मनोविकारतज्ज्ञ जोडपं. १९८८च्या सुमारास हॉटेलात बसलेले असताना त्यांना रस्त्यापलीकडे एक तरुण करवंटीने गटारातलं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आणून उपचार केले. बरा होऊ लागल्यावर कळलं की तो शिकलेला आहे, आंध्रातला आहे, घरी वडील आहेत. तो घरी परतला. यातून ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ उभं राहिलं. आधी दहिसरला, २००६ पासून कर्जतला. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचं नाव सगळीकडे पोचलं.

त्यांच्या गोष्टीत एक चित्रकारही आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवलेला हा माणूस आजारपणात रस्त्यावर आला होता. उपचारांनी तो सावरला. ते पाहून शंभराहून अधिक चित्रकारांनी आपली चित्रं दिली, प्रदर्शन भरलं आणि त्या पैशांतून दहिसरच्या कामाला जागा मिळाली. आजाराच्या आत काय हरवतं आणि काय टिकून राहतं, हे त्या कलावंतांनी आपल्याआधी ओळखलं असावं. २००४च्या ‘देवराई’त सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांनीही शेषच्या मनातली देवराई अशीच गांभीर्याने घेतली होती.

पण माझ्या कामाचा मुद्दा वेगळाच. या संस्थेच्या कामात उपचारानंतरचा मोठा टप्पा म्हणजे घर शोधणं. रस्त्यावर सापडलेल्या माणसाजवळ आधार कार्ड नसतं. गाव त्याच्या डोक्यातच असतं. औषधांनी मन थोडं निवळलं की गप्पा सुरू होतात, शक्यतो त्याच्या भाषेत. कधी गावाचं नाव येतं, कधी वडिलांचं, आणि मग कार्यकर्ते त्याला घेऊन निघतात. तिथेही मनातलंच विचारलं जातं. पण उत्तर ‘हो’ आलं तर गोळ्या वाढत नाहीत, घर जवळ येतं. माणूस मनातलं कधी दाखवेल, हे विचारणाऱ्याच्या हेतूवरही ठरतं, हे मला तिथून समजलं.

मग मी काय बदललं?

माझ्या गाईड मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील ती सोळा उत्तरं काढून टाक. त्या म्हणाल्या, "काढू नकोस. वेगळी ठेव. आणि आधी सांग, त्यांनी कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय?"

आता सुरुवातीलाच मी स्पष्ट सांगते की मी डॉक्टर नाही, तुमच्या उत्तरांनी गोळ्या बदलणार नाहीत, आणि आठवताना मनात चित्र येणं हा आजार नाही, ते बहुतेकांच्या मनात येतं. मग माझं स्वतःचं एक उदाहरण देते. ‘दिसतंय का?’ हे काढून ‘आठवताना मनात कसं येतं?’ असं विचारते. डोळे मिटायची सक्ती नाही, कारण अनोळखी खोलीत डोळे मिटणं प्रत्येकाला सुरक्षित वाटत नाही. शिवाय प्रश्नावलीसोबत एक काम देते : घराच्या दारातून आत चला आणि खिडक्या मोजा. सांगणं आणि करणं, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलं की कुठे फट पडते ते दिसतं.

काकांना पुन्हा भेटले. नव्या पद्धतीने विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग हात हवेत धरून दार ढकलल्यासारखं केलं. "आत शिरलं की मोरी. पिंप. मग आईची खोली, तिथे एक खिडकी… थांबा. दोन. एक कपाटामागे गेली, आता उघडत नाही." मग विचारलं, उद्या सकाळी उठल्यापासून काय काय कराल ते मनात आणा. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "उद्या… उठेन. चहा घेईन. पुढचं काही येत नाही ताई."

एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण कपाटामागची खिडकी आठवणाऱ्या माणसाला उद्याची सकाळ चहापुढे नेता येत नाही, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे आणि तो मला त्या दिवशी नीट कळला. पहिल्या भेटीतल्या आकड्यांवर विसंबले असते तर ‘मनःप्रतिमांचा अभाव’ असं लिहून मोकळी झाले असते.

तुम्ही जे कुठलं साधन वापरणार असाल, त्याचा इतिहास वाचा. ते कुणी, कधी, कशासाठी बनवलं हे तर वाचाच. पण तुमच्या समोरच्या माणसाला तोच प्रश्न याआधी कुणी विचारला होता, आणि उत्तर दिल्यावर त्याचं काय झालं होतं, हेही विचारा. दुसरा इतिहास कुठल्याही पेपरमध्ये सापडत नाही. तो त्या माणसाकडेच असतो.

पुढच्या लेखात भाषांतर आणि उलट-भाषांतर कसं करायचं ते बघू. तुमच्या प्रश्नावलीतला एखादा शब्द असाच दगा देत असेल तर जरूर कळवा.